आधी सांगा, नोआ कोण होता?

पाळण्याला फुलं बांधून झालेली, बायका धपाटे घालायला हात सरसावून उभ्या, बाळ आत्याच्या मांडीवर, आणि आत्या शांतपणे विचारते, "नाव त भारी हाय. पन हा कोन होता?" बारशात असा प्रश्न विचारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्या नावाचा पहिला माणूस कोण, त्याने जन्मात काय केलं, कुणाला तारलं नि कुणाला बुडवलं, हे कळल्याशिवाय आत्याचं तोंड बाळाच्या कानाशी जात नसे. मग मुहूर्त टळो, घुगऱ्या गार होवोत, नाहीतर पाहुण्यांची एसटी निघून जावो!

आमच्या रिसोडात ती जगाची आत्या. गंमत अशी की खरी आत्या ती कुणाचीच नव्हती. पाच बहिणींतली चौथी, भाऊ नाहीच. मग आत्या म्हणणारी भाचरं येणार कुठून? गावाच्या कडेला तिचा आणि तिचे मालक किसनराव यांचा मळा. वांगी, मेथी, पालक, आणि आमच्याकडे सांभार म्हणतात ती कोथिंबीर. बारशाला बाळाच्या बापाची बहीण लागते, कानात नाव तिनेच सांगायचं. पण हल्ली घराघरांत एकुलता एक मुलगा, आणि बहीण असलीच तर ती बंगलोरला, तिला सुट्टी नाही. अशाच एका बिनआत्याच्या घरी कुणीतरी भाजी घेता घेता हिला म्हटलं, "बाई, तुमीच बसा ना आज आत्या." ती बसली ती बसलीच. पुढे तिच्या मालकांच्या मित्रांपासून तिच्या सुनेपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायला लागले.

माझं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. बारशाच्या पत्रिका मीच छापते, जन्मदाखल्याचे ऑनलाइन फॉर्म मीच भरते, लग्नाचे बायोडाटाही मीच करते. त्यामुळे गावात कुठली नावं यायला लागली आहेत, ते बाळाच्या आजीच्या आधी मला कळतं. ओम आणि साई गेले, आरव आणि विहान आले, आणि मग एका वर्षी पाहते तर काय! नोआ, एथन, आरोन, लिया, सारा! जो तो मोबाईल पुढे करून म्हणे, "ताई, दोन-तीन अक्षरी आहे, मॉडर्न आहे, आणि गल्लीत कुणाचंच नाही." मी मान हलवायची आणि छापायची. गल्लीत कुणाचंच नाही म्हणून ठेवलेले तीन नोआ आमच्या एका गल्लीत आहेत, हे मी कुणाला सांगितलं नाही. धंदा आहे शेवटी.

ही नावं बायबलातली आहेत याचा पत्ता ना त्यांना होता, ना मला. तो लागला आत्यामुळे. धान्याचे व्यापारी, आमच्या गल्लीतले बाबूजी, पक्के जैन, संध्याकाळी दिवे लागायच्या आत जेवणारे. त्यांना नातू झाला. सून पुण्याची, तिने नाव काढलं नोआ. बाबूजींना ते नाव म्हणजे घशात अडकलेला काटा वाटत होतं, पण सुनेपुढे बोलणार कोण! आत्याला बोलावणं गेलं. बारशाला मीही होते. नाव ऐकून आत्याने नेहमीसारखं विचारलं, "कोन होता हा?"

सून गोड हसून म्हणाली, "आत्या, मॉडर्न नाव आहे ते."

"मॉडर्न काय मानसाचं नाव हाय का? चांगला होता का लबाड होता, काई त मालूम पायजे. उद्या हे पोट्टं मोठं होऊन इचारीन, आत्या, माह्या कानात कोनाचं नाव सांगतलं? त मी काय सांगू? मोबाईलचं?"

मी घाईघाईने फोन काढला आणि वाचून दाखवलं की नोआ म्हणजे विश्रांती. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी किडकं वांगं पुढे केलंय. "अर्थ नोको सांगू मंगे. मानूस सांग."

तेव्हा मला आठवले विलास मास्तर. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, आमच्या गल्लीतलं एकमेव ख्रिस्ती घर. त्यांचं नाव विलास, बायकोचं सुमन, मुलं प्रमोद आणि विनोद. मी धावत जाऊन त्यांना घेऊन आले. मास्तरांनी पाळण्यावर लावलेलं सोनेरी अक्षरांतलं नाव वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नोआ म्हणजे आमच्या बायबलातला नोहा. आमच्या घरात तीन पिढ्यांत एकसुद्धा नोहा नाही हो," ते म्हणाले. "नावं आम्ही तुमची ठेवली. आता तुम्ही आमची ठेवताय! फार छान, फार छान."

आणि मग मास्तरांनी भर बारशात गोष्ट सांगितली. जग बुडवणारा पाऊस येणार हे त्या माणसाला आधी कळलं, त्याने कोरड्या जमिनीवर भलं मोठं जहाज बांधलं, लोक त्याला हसले, त्याने प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी आत घेतली आणि सगळ्यांना जिवंत ठेवलं. कोपऱ्यात तोंड पाडून बसलेले बाबूजी हळूहळू पुढे सरकत होते. "सगळे जीव?" त्यांनी विचारलं. "मुंगीसुद्धा?"

"मुंगीसुद्धा," मास्तर म्हणाले.

"आणि जहाजात कोणी कोणाला खाल्लं नाही?"

"तसा उल्लेख नाही."

बाबूजी ताडकन उठले. "अरे, हा तर आपलाच माणूस! जीवदया म्हणतात ती हीच!" त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना पेढे वाटले, मला दोन दिले, मास्तरांना तीन. पण आत्याचं अजून एक राहिलं होतं. तिने विचारलं, "मास्तर, बियानं घेतलं का त्यानं संगं? जनावरं वाचवले, पन पानी उतरल्यावर पेरलं काय?" मास्तर पुन्हा चष्मा पुसायला लागले. आत्याने दयाळूपणे "असू द्या, घाईत राह्यलं असीन" म्हणून त्याला माफ केलं, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की पाळणा हलला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ग्रंथ काखेत मारून थेट मळ्यात गेले. पाणी उतरल्यावर नोहाने पहिलं काम केलं ते द्राक्षांचा मळा लावण्याचं, हे त्यांनी शोधून काढलं होतं. आत्याला कोण आनंद! "मंग बरोबर हाय. मळेवाला होता." त्या द्राक्षांचं पुढे तो काय करून प्यायला, ते मास्तरांनी सांगितलं नाही. मी नंतर वाचलं, मीही सांगितलं नाही.

तिथून पुढची दोन वर्षं काय मजेची गेली म्हणून सांगू! असलं नाव निघालं की बारशाच्या आदल्या दिवशी आत्या भाजीची टोपली घेऊन माझ्या दुकानात, मी शटर अर्धं ओढून तिच्याबरोबर मास्तरांच्या ओसरीवर. आम्ही दोघी विद्यार्थिनी. आत्याचे प्रश्न असे की मास्तरांना घाम फुटायचा. त्या गावाला पाणी कुठून यायचं, गाई कुठल्या जातीच्या होत्या, एवढी लढाई झाली तेव्हा पेरणी कुणी केली. आरोन हा भावासाठी बोलायचा, कारण भावाच्या तोंडातून शब्द नीट फुटत नसत, हे ऐकल्यावर तिने बारशात त्या बाळाच्या मोठ्या भावाला समोर बसवून बजावलं, "तुले काही बोलता नाई आलं त ह्याले सांगजो. हा त्याच्याचसाठी आला हाय."

एकदाच तिने नाव परत केलं. एका हौशी जोडप्याने मुलीसाठी डेलायला असं नाव काढलं होतं. खरंच कानाला गोड लागतं. मास्तरांनी चाचरत सांगितलं की या बाईने तिच्यावर जीव टाकणाऱ्या बलवान माणसाचं गुपित काढून घेतलं, त्याला मांडीवर झोपवून त्याचे केस कापवले आणि शत्रूच्या हवाली केलं. आत्या उठली, पदर खोचला. "दुसरं काढा. झोपलेल्या मानसाचा घात करनारीचं नाव मी झोपलेल्या लेकराच्या कानात सांगत नाई." जोडपं रुसलं, पाहुणे कुजबुजले, पण शेवटी त्या मुलीचं नाव दिया ठेवलं. छापलेल्या सगळ्या पत्रिका वाया गेल्या आणि मला पुन्हा छापाव्या लागल्या. आत्यावर मी दोन दिवस खूप चिडले होते.

इतकं सगळं चालू असताना आत्याच्या घरात काय होतं, ते आता सांगायला हवं. तिचा एकुलता एक मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. लग्नाला दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. सून वैशाली, आसेगावची. तिचे आईवडील तिला न्यायला आले तेव्हा ती मळ्यात जाऊन बसली आणि "आत्याले सोडून मी येत नाई" एवढंच म्हणाली. तेव्हापासून सासू, सून, सासरा तिघं मिळून मळा करत होते. पहाटे मेथीच्या जुड्या बांधताना त्या दोघींच्या बोलण्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. आसेगावहून मधूनमधून स्थळ यायचं. आत्या कधी नाही म्हणाली नाही. पण "तिची इच्छा असीन तसं" असं म्हणून जो चेहरा करायची, तो पाहून स्थळवाले चहा अर्धा टाकून उठायचे. हे मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

आणि मग आलं रूथ. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मुलीचं बारसं होतं. आम्ही दोघी ओसरीवर बसलो आणि मास्तर सांगायला लागले. एका म्हातारीचा नवरा परमुलखात वारला, पाठोपाठ दोन्ही मुलगे गेले. राहिल्या दोन सुना. म्हातारी म्हणाली, मी माझ्या गावी जाते, तुम्ही आपापल्या माहेरी जा. एक गेली. दुसरी, रूथ, गेली नाही. तू जाशील तिथे मी येणार, म्हणाली आणि सासूच्या मागे निघाली. गावात आल्यावर पोटाला काय? तर कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसं रूथ वेचायला लागली.

"सरवा!" आत्या ओरडली. "मंगे, सरवा! त्यायच्यात बी सरवा येचतेत!" सोयाबीन निघालं की शेतात सांडलेल्या शेंगा आमच्या बायका वेचतात, तो सरवा. आत्याने तरुणपणी खूप वेचला होता. तिला इतका आनंद झाला की तिने मास्तरांच्या बायकोला, सुमनबाईंना, आतून हाक मारून बाहेर बोलावलं आणि रूथने सरवा वेचला हे पुन्हा सांगितलं. सुमनबाईंना ते लहानपणापासून माहीत होतं, पण त्यांनी बिचारीने नवल केलं.

मास्तर पुढे सांगू लागले. त्या शेताचा मालक भला माणूस होता. सासूने ते ओळखलं. तिनेच सुनेला सांगितलं, न्हाऊन-माखून चांगले कपडे घाल आणि त्याच्याकडे जा. तिचं लग्न सासूनेच जमवलं.

आत्याचा हसरा चेहरा तसाच राहिला, पण डोळे थांबले. "सासूनं?" तिने विचारलं. "सोता सासूनं?"

"हो. म्हातारीनेच."

ती आणखी काही विचारेल म्हणून मास्तर थांबले. गाई, पाणी, पेरणी, काहीच नाही. आत्याने टोपली उचलली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी बारशात तिने त्या मुलीच्या कानात नाव सांगितलं, पण धपाटे खाताना नेहमीसारखी हसली नाही. मी मनात म्हटलं, हिला बरं नाही वाटतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी शटर वर करते तोच आत्या समोर. हातात टोपली नाही, वैशालीचा फोटो. "मंगे, बायोडाटा काढ. चांगल्या कागदावर."

मी पाहतच राहिले. ती स्टुलावर बसली आणि एका दमात बोलली, जसं काही घरून पाठ करून आली होती. "ते गेली की घरात दोन म्हातारे आन एक चुल्हा. हे मले समजत नाई का? सारं समजते. पन मी तिले माह्या पोराच्या फोटोपाशी अजून किती दिवस बसवू? स्थळं येत, त मी तोंड वाकडं करो. तिची इच्छा, तिची इच्छा म्हनो. इच्छा माही होती, मंगे. तिच्या नावावर मीच खपवत होती."

मी कॉम्प्युटर चालू केला. नाव, शिक्षण, उंची झाली. अपेक्षा या रकान्यापाशी आले आणि म्हटलं, निर्व्यसनी, शेती किंवा नोकरी असं टाकू का? ती म्हणाली, "टाक. आन खाली लिव, पह्यल्या सासूले भेटू देनारा." माझी बोटं थांबली. आयुष्यात शेकडो बायोडाटा केले, ही अपेक्षा पहिल्यांदाच टाइप करत होते. संपर्कासाठी तिने स्वतःचाच नंबर दिला. आसेगावचा द्या, मी म्हटलं; ती ऐकेना. "पोरीची पारख मले हाय. बोलनार बी मीच."

झालं! बायोडाटा गावोगाव फिरला आणि फोन यायला लागले. समोरून विचारत, "आपण मुलीच्या कोण?" ही ठणकावून सांगे, "सासू." की तिकडून फोन कट. कुणाला वाटे चेष्टा आहे, कुणाला वाटे यात काहीतरी काळंबेरं आहे. एका गृहस्थाने मलाच दुकानात फोन करून सांगितलं की तुम्ही छपाईत चूक केली आहे. पाचव्या की सहाव्या फोनला मी शेजारीच होते. कामरगावचा मुलगा होता, अनिल. मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, थोडी विहिरीवरची शेती, आणि शेतीवाल्याला कोण मुलगी देतं म्हणून लग्न लांबलेलं. त्याने फोन कट नाही केला. सरळ विचारलं, "सासू हा तुमी, मंग तिचं लगन कायले लावून राह्यले?"

"कारन पोरगी चांगली हाय," आत्या म्हणाली. "खराब असती त कवाच माहेरी धाडली असती."

तिकडे तो इतक्या मोठ्याने हसला की मला फोनबाहेर ऐकू आलं. आत्याने फोन ठेवला आणि माझ्या टेबलावर हात आपटला. "हा जमते!"

जमायला वैशालीच तयार नव्हती. तिला कळलं तेव्हा ती आत्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मेथीचा वाफा अर्धा खुडून टाकून उभी राहिली आणि किसनरावांसमोर, माझ्यासमोर ओरडली, "मले घरातून काढून राह्यल्या का तुमी?" नेहमी तोंडाचा पट्टा सोडणारी आत्या मला एवढंच म्हणाली, "मंगे, मास्तरले आन." मास्तर आले, बांधावर बसले आणि रूथची गोष्ट त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी ती दुसऱ्यांदा ऐकत होते, तरी माझ्या अंगावर काटा आला.

वैशालीने सगळं ऐकून एकच विचारलं. "लगन झाल्यावर तिनं सासूले सोडलं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "त्यांना मूल झालं, ते सासूच्याच मांडीवर वाढलं."

वैशालीने हातांची माती झटकली. "मंग माही अट हाय," ती म्हणाली. "माहेर मले हेच राहीन. दिवाळी इथं. बाळंतपन बी इथं. आसेगावले रागच येवो." आत्याने मान डोलवली आणि लगेच तिला अर्धा राहिलेला वाफा पुरा करायला लावला.

लग्न साधंच झालं, पण आत्याचा उत्साह असा की पाहुण्यांना कळेना ही वरमाय की वधूमाय. वैशालीची आसेगावची आई आधी रुसली होती. आत्याने तिला मांडवात हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि "आता आपुन दोघी मायच" म्हणून गप्प केलं. पाठवणीला सगळे रडले, आत्या नाही. जीप वळणाआड गेल्यावर ती मला म्हणाली, "चाल, भांडे मोजून परत कराचे हायेत."

नंतरचे महिने मात्र मला आठवायला नको वाटतात. मी एकदा सकाळी मळ्यात गेले. आत्याने चहा ठेवला होता, तीन कप ओतले, माझ्यासाठी चौथा. मग तिसऱ्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा पातेल्यात ओतला. किसनराव म्हणाले, "रोज असंच करते." बारशाला ती जायची, प्रश्न विचारायची, पण गाई कुठल्या जातीच्या, हे विचारणं बंद झालं. मास्तर मला म्हणाले, "मी ती गोष्ट सांगायला नको होती का हो?" मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

पण वैशाली शब्दाची पक्की. दिवाळीला आली. पुढच्या वर्षी सातवा महिना लागताच पिशवी घेऊन आली ती बाळंतपणालाच. आत्या पुन्हा रस्त्यापर्यंत ऐकू यायला लागली! मुलगी झाली. बाराव्या दिवशी आत्याच्याच घरी बारसं, आणि तिथे एक अडचण उभी राहिली, जी सगळ्या गावाला दिसत होती, फक्त कुणी बोलत नव्हतं. या बाळाला खरी आत्या होती. अनिलची बहीण पूजा, कॉलेजात शिकणारी, आयुष्यात पहिल्यांदा आत्या झालेली, घाबरून गारठलेली. म्हणजे शेकडो कानांत नाव सांगितलेल्या आमच्या आत्याला या एका कानात सांगायचा मान नव्हता.

तिला वाईट वाटेल म्हणून मी तिच्या आसपास घुटमळत होते. वाईट कसलं! ती पूजाला शिकवत होती. "नाव हळू सांगजो, पन सबूद पुरा. फुंकर मारू नोको, लेकरू दचकते. आन पाठ ताठ ठेव, बाया सोडत नाईत." पूजाने वाकून कानात नाव सांगितलं आणि पहिला धपाटा आत्याने घातला. इतक्या वर्षांत खाल्लेल्या धपाट्यांची सगळी बाकी वसूल केल्यासारखा! पूजा किंचाळली, आम्ही सगळ्या हसून लोळलो.

मग पूजाने मोठ्याने नाव सांगितलं. सारा.

मास्तर तयारच होते. रात्रभर बसून त्यांनी गोष्ट कागदावर लिहून आणली होती. ते खाकरले, पुढे आले, सगळ्यांचे डोळे आत्याकडे वळले. आता ती विचारणार. बाळ तोवर आत्याच्या मांडीवर आलं होतं. तिने वर पाहिलंच नाही. "आज नोको मास्तर," ती म्हणाली. "ठेवा थो कागद. कोन होती ते मले नाई पायजे. हे कोन हाय, ते मले मालूम हाय."

मास्तरांनी निमूट कागद घडी करून खिशात ठेवला. दारात मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "सारा म्हातारी होती हो. सगळी आशा सुटल्यावर तिच्या मांडीवर लेकरू आलं, आणि ती हसत सुटली." आत बघितलं तर आत्या तेच करत होती.

सव्वा महिना झाला आणि अनिल जीप घेऊन वैशालीला न्यायला आला. सामान चढलं, बाळ चढलं, वैशाली काही चढेना. ती आत्यासमोर उभी राहिली. "तुमी बी चला. मामंजींचे गुडघे आता मळ्यात चालत नाईत. विहिरीवरची जमीन पडली हाय, तुमीच लावा तिथं मळा."

आत्या भांबावली. "आन इथल्या वांग्याले पानी कोन देईन?"

"बाजूवाले पाहून राह्यले, मी बोलली त्यायच्याशी. कामरगावात वांगे होत नाईत का?"

आत्याने किसनरावांकडे पाहिलं. त्या माणसाने आधीच कपड्यांची पिशवी हातात घेतलेली होती. बारशापासून सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या आत्याला सोडून. ती मला शिव्या देत जीपमध्ये चढली, कारण मलाही ठाऊक होतं. गल्ली सगळी जमली. बाबूजींनी नोआला कडेवर आणलं होतं, त्याने हात हलवला. जीप सुरू झाली, आणि आत्याने अर्ध्या बाहेर येऊन मास्तरांना हाक मारली, सगळ्या रिसोडला ऐकू जाईल अशी:

"मास्तर, तुमच्या गोष्टीत सून सासूच्या मांगं गेली ना? आता हे बी लिवून ठेवा! रिसोडची सासू सुनेच्या मांगं गेली!"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता रडले. तेही लिहून ठेवते.